फळं-भाज्यांच्या कॅलरी मोजताना: कोकणातल्या स्वयंपाकघरासाठी मार्गदर्शक

डाएट सुरू केलं की पहिला सल्ला मिळतो तो "फळं-भाज्या भरपूर खा" हा. सल्ला चुकीचा नाही, पण आपल्याकडे तो अर्धाच लागू पडतो. कोकणात भाजी म्हणून जे ताटात येतं त्यात ओलं खोबरं असतं, फोडणीचं तेल असतं, चिमूटभर म्हणता म्हणता लिंबाएवढा गूळ असतो. अ‍ॅपमध्ये मात्र आपण नुसतं "पडवळ, एक वाटी" असं लिहितो आणि महिन्याभराने वजन का हलत नाही म्हणून काट्याला दोष देतो. पुढचं सगळं ही गफलत टाळण्यासाठी आहे.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असाल किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते मूत्रपिंडाच्या रुग्णाला चालेलच असं नाही. वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजी एकदम वाढवली किंवा तोडली, तर गोळीचा परिणाम बदलतो.

१. काय काय लागेल

- १ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. ५ किलोपर्यंत वजन घेणारा असला की टोपासकट भाजी तोलता येते. वजन शून्यावर आणणारं 'टेअर' बटण हवंच.
- मापाचे चमचे: ५ मिलीचा लहान, १५ मिलीचा मोठा. घरातला पोहे खायचा चमचा माप म्हणून धरू नका, प्रत्येक घरात तो वेगळा असतो.
- नेहमीची एकच वाटी. ती काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम येतील तेवढे मिली तिच्यात मावतात. तळाला मार्करने लिहून ठेवा.
- वही किंवा अ‍ॅप. सुरुवातीला वही बरी, कारण अ‍ॅपमधल्या तयार नोंदींनीच जास्त घोळ होतो.

काटा सपाट जागी ठेवा आणि वरचा पंखा बंद करा. वाऱ्याने हलकं वजन दोन-चार ग्रॅमनी इकडेतिकडे होतं. खाऱ्या, दमट हवेत सेल गंजतात, म्हणून पावसाळ्यात काटा चार-आठ दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा.

२. पहिला आठवडा काहीही कमी करू नका

सात दिवस नेहमीसारखं जेवा आणि फक्त लिहा. आठवडाच घ्या, कारण रविवारचं जेवण आणि सोमवारचं जेवण यांचा काही संबंध नसतो. लिहायच्या तीन गोष्टी: पदार्थ, ग्रॅम, आणि त्यात पडलेलं तेल-खोबरं-गोड. रोजची सरासरी काढा. वजन स्थिर असेल तर तो आकडा साधारण तुमची गरज. पुढे त्यातून ३०० ते ५०० कॅलरी कमी करणं पुरतं. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाला न विचारता दिवसाला १२०० च्या खाली जाऊ नका.

इथे 'कॅलरी' म्हणजे किलोकॅलरी. पाकिटांवर आणि अ‍ॅपमध्येही तोच अर्थ असतो. काही ठिकाणी मात्र किलोज्यूल असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्येच दिली आहे. त्या आकड्याला ४.१८४ ने भागा. भागायला विसरलात तर साधी काकडीही केळ्याच्या जवळ जाऊन बसेल.

३. तोलायचं ते खाल्लं जाणारं

तक्त्यातला आकडा १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचा असतो. साल, बाठा, देठ, आठळी, करवंटी सगळं वगळून. बाजारातून किलोभर आणलेलं किलोभर खाल्लं जात नाही, आणि आठवडी बाजारात वाट्यावर किंवा जुडीवर घेतलेल्या भाजीचं तर वजनच माहीत नसतं. म्हणून निवडून, चिरून झाल्यावर तोला.

आंब्याला सोपी युक्ती आहे. अख्खा हापूस तोला, खा, मग साल आणि बाठा तोला, वजाबाकी करा. २५० ग्रॅमचा हापूस असेल आणि साल-बाठा ८५ ग्रॅम भरला, तर पोटात गेले १६५ ग्रॅम. १०० ग्रॅमला ६५ धरले तर सुमारे १०७ कॅलरी. परदेशी तक्त्यांवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये "एक आंबा" म्हटलं की दोनशेच्या आसपास आकडा येतो. तिथला आंबा साल-बाठा काढून ३३६ ग्रॅमचा धरलेला असतो. तो हापूस नव्हे. अशा नोंदीमुळे लोक मे महिन्यात विनाकारण आंबा सोडतात.

फणसात संख्येवर जाऊ नका. काप्याचा एक गरा आणि बरक्याचा एक गरा यांत काही मेळ नसतो, आणि एकाच फणसात वरचे-खालचे गरेही सारखे नसतात. आठळ्या काढून गरे वाटीत घ्या आणि तोला. १०० ग्रॅमला ९५. आठळ्या वेगळ्या लिहा, त्या पिष्टमय असल्याने गऱ्यांपेक्षा जड असतात, १०० ग्रॅमला १३० ते १५० धरा.

केळ्याचं साल वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्तच भरतं. वेलची केळं सोलून ४०-५० ग्रॅम, म्हणजे चाळीस-पन्नास कॅलरी. मोठं केळं सोलून ११५-१२० ग्रॅम, म्हणजे शंभराच्या पुढे. "एक केळं" अशी नोंद या दोघांत भेद करत नाही.

४. हाताशी ठेवायचे आकडे

सगळे १०० ग्रॅम, खाण्याजोग्या भागाचे, कच्च्या स्थितीतले. जात, पिकलेपणा आणि जमीन यांनुसार पाच-दहा टक्के फरक पडतो, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

भाज्या:
- काकडी, दुधी, पडवळ, शिराळं, कोहळा: १५ ते २०
- टोमॅटो: १८
- लाल भोपळा, वांगं, कोबी, फ्लॉवर, लाल माठ: २३ ते २७
- भेंडी, शेवग्याच्या शेंगा: ३० ते ३७
- अळूची पानं, गाजर, बीट, कांदा (अलिबागचा पांढराही): ४० च्या आसपास
- कोवळा कच्चा फणस, म्हणजे कुयरी: ५०
- बटाटा: ७७
- रताळं, सुरण, अळकुड्या, नीरफणस, कच्चं केळं: सरसकट १०० धरून चाला

फळं:
- शहाळ्याचं पाणी: १०० मिलीला २०
- कलिंगड: ३०
- पपई: ४० ते ४३
- अननस, काजूचं बोंडू: ५०
- जांभूळ: ६०
- हापूस: ६० ते ७०
- पेरू: ६५ ते ७०
- चिकू: ८० ते ९०
- केळं, पिकलेला फणस, सीताफळ: ९० ते १००

आणि ज्यांना भाजी-फळांत कधीही घालू नये ते:
- ओलं खोबरं: ३५४
- सुकं खोबरं: ६६०
- शेंगदाणे, काजूगर: ५५० ते ६००
- गूळ: ३८०
- साखर: ४००
- तेल: ९००

ओले काजूगर पाणीदार असल्याने सुक्यापेक्षा हलके असतात. तरी त्यांची उसळ भाजी म्हणून नव्हे, सुकामेवा म्हणून लिहा. नारळाचंही तसंच. झाडावरून पडतो म्हणून तो फळ, हे वनस्पतिशास्त्राला ठीक. कॅलरीच्या वहीत नारळाची जागा तेलाशेजारी.

पानं आणि वेलभाज्या पहिल्या आठवड्यानंतर तोलायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ताटभर काकडीची कोशिंबीर आणि अर्धं ताट यांत वीस-पंचवीस कॅलरींचा फरक. तेवढ्यासाठी रोज काटा काढला तर पंधरा दिवसांत कंटाळा येतो आणि मग तेल-खोबरंही मोजायचं राहतं. काटा राखून ठेवा तो कंद, गोड फळं, खोबरं आणि तेल यांसाठी.

५. खोबरं आणि तेल पकडण्याची पद्धत

खवलेलं खोबरं चमच्याने मोजलं की चुकतं. सैल भरलेला चमचा आणि दाबून भरलेला चमचा यांत जवळपास दुपटीचा फरक पडतो. त्याऐवजी खोबऱ्याची वाटी काट्यावर ठेवा, टेअर दाबा, हवं तेवढं काढून कढईत घाला. काटा उणे २५ दाखवेल, म्हणजे २५ ग्रॅम गेलं, ८८ कॅलरी. तेलाच्या बाटलीचंही असंच: बाटली काट्यावर, शून्य, फोडणी, बाटली परत काट्यावर. ५ मिलीच्या चमच्यात साधारण ४.५ ग्रॅम तेल मावतं, चाळीसेक कॅलरी. १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात १४ ग्रॅम, सव्वाशे.

वाटपात सुकं खोबरं भाजून घालत असाल तर ते ओल्या खोबऱ्याच्या नावावर लिहू नका. पाणी गेल्यामुळे तेवढ्याच वजनाला जवळपास दुप्पट भरतं. फ्रीजमध्ये आठवड्याचं वाटप करून ठेवणाऱ्यांनी ते करतानाच खोबरं, कांदा, तेल तोलावं, तयार वाटपाचं एकूण वजन घ्यावं आणि डब्यावर "१०० ग्रॅम = अमुक कॅलरी" अशी चिठ्ठी लावावी. मग आठवडाभर फक्त वाटप तोलायचं.

६. शिजलेल्या भाजीचा हिशेब

शिजताना पाणी उडतं किंवा भरतं, कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात. लाल माठाची टोपभर पानं शिजून मूठभर होतात, पण कॅलरी टोपभराच्याच. म्हणून घटक कच्चे तोलायचे आणि वाटणी शिजल्यावर करायची.

चण्याची डाळ घातलेली पडवळाची भाजी घ्या:

- पडवळ, बिया काढून, ४०० ग्रॅम: ७२
- चणाडाळ, भिजवण्याआधी ४० ग्रॅम: १४०
- तेल, एक मोठा चमचा, १४ ग्रॅम: १२६
- ओलं खोबरं ४० ग्रॅम: १४२
- गूळ १० ग्रॅम: ३८

एकूण ५१८. पडवळाचा वाटा सातवा हिस्सा, आणि निम्म्याहून थोडं जास्त तेल-खोबऱ्याचं.

आता वाटणी. रिकाम्या कढईचं वजन आधी घेऊन ठेवलेलं असावं. ही पायरी सगळे विसरतात, म्हणून घरातल्या दोन-तीन कढया-टोपांची वजनं एकदाच घेऊन फळीच्या आतल्या बाजूला चिकटवा. भाजीसकट कढई तोला, कढईचं वजन वजा करा. समजा भाजी ५६० ग्रॅम भरली. ५१८ भागिले ५६० म्हणजे ग्रॅमला ०.९२५. तुम्ही १४० ग्रॅम घेतली तर १३० कॅलरी.

याच भाजीत तेल दोन लहान चमचे केलं आणि खोबरं १५ ग्रॅमवर आणलं, तर एकूण ३८५ च्या आसपास येतं. घरच्यांना फारसं कळतही नाही, कारण खोबऱ्याची चव शेवटी वर भुरभुरवलेल्या थोड्या खोबऱ्यानेही लागते. डाळ मात्र कमी करू नका, भूक तीच धरून ठेवते.

डाळ, कडधान्य भिजवण्याआधी तोला. भिजलं की वजन दुपटीच्या आसपास जातं, आणि भिजलेल्या वजनाला कोरड्याचा आकडा लावला तर हिशेबही दुप्पट फुगतो.

अळूच्या फदफद्यातही तोच प्रकार: पानं हलकी, शेंगदाणे-डाळ-गूळ-खोबरं जड. अळूवडी तर बेसन आणि तेल यांचाच पदार्थ आहे, पान निमित्ताला. वाफवून ठेवलेली वडी तळण्याऐवजी दोन चमचे तेलात परतली तर बराच फरक पडतो. तळताना मात्र कढईतलं तेल आधी-नंतर तोलल्याशिवाय वडीने किती प्यायलं ते समजत नाही.

७. फळ कोणत्या रूपात आलं ते बघा

ताजं फळ पाण्याने भरलेलं असतं. पाणी काढलं की कॅलरी एकवटतात. आंबापोळी, फणसपोळी १०० ग्रॅमला ३०० च्या वर जातात, साखर घातलेली असो वा नसो. वसईकडची सुकेळी ही केळीच, पण वाळलेली. म्हणून "एक केळं" असा हिशेब तिथे लागत नाही. तळलेले गरे आणि केळ्याचे वेफर ५०० च्या आसपास. यांपैकी काहीही फळांच्या रकान्यात लिहू नका.

आमरसाची वाटी बिनसाखरेची असेल तर आंब्याच्याच दराने धरा: १५० ग्रॅमला सुमारे १००. वर साखर आणि तूप पडलं तर वेगळं लिहा. अडचण रसाची नसते, त्याबरोबर सहज उतरणाऱ्या पुऱ्यांची असते.

काकडीचं धोंडस, फणसाची सांदणं, भोपळ्याचे घारगे ही नावं ऐकून फसू नका. फळ-भाजी त्यांत रंगापुरती आणि वासापुरती, बाकी तांदूळ किंवा कणीक, गूळ, खोबरं, तेल.

पेयांपैकी शहाळं निरुपद्रवी: २५० मिली पाण्याला ५०. आतली मलई खरवडून खाल्ली तर तीही लिहा. कोकमाचं आगळ साखर नसलेलं असतं, त्याचं पाणी करून प्यायलात तर कॅलरी नगण्य, फक्त मीठ बरंच असतं, रक्तदाबवाल्यांनी जपून. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक, तो आगळाच्या नोंदीत घालू नका. बाटलीवर १०० मिलीमागचा आकडा छापलेला असतो, आपण ग्लासात किती मिली ओततो ते एकदा मापाने बघा. सोलकढीत मोजायचं ते नारळाचं दूध. घरी काढत असाल तर चोथा टाकला तरी वापरलेल्या खोबऱ्याचा पूर्ण आकडा लिहा. ग्लासामागे ३० ग्रॅम खोबरं गेलं तर जास्तीत जास्त १०६ कॅलरी. प्रत्यक्षात थोड्या कमीच असतील, पण चूक या बाजूला झालेली परवडते.

८. पावसाळा आणि उपवास

टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू या रानभाज्यांचे आकडे बहुतेक अ‍ॅपमध्ये सापडत नाहीत. शोधत बसू नका, पालेभाजी म्हणून १०० ग्रॅमला ३० ते ४० धरा आणि फोडणी नीट मोजा. शोधताना एवढं ध्यानात ठेवा की पडवळ तिथे 'स्नेक गार्ड' म्हणून, शिराळं 'रिज गार्ड' म्हणून आणि अळूची पानं 'कोलोकेशिया' किंवा 'टॅरो लीव्हज' म्हणून येतात. नुसतं 'टॅरो' लिहिलंत तर कंदाचा आकडा मिळेल, जो पानांच्या अडीच पट आहे. 'कोकोनट' टाकलं की ओलं, सुकं, गोड किसलेलं आणि दूध अशा चार नोंदी पुढे येतात, पहिलीवर बोट ठेवू नका.

उपवासाला कंद आले की हिशेब बदलतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, पण त्यात बटाटा-रताळ्यासारखे कंद धरत नाही. करांदे, कणगी, सुरण खायला हरकत काहीच नाही, त्यांना भाताच्या जागी बसवा, भाजीच्या नव्हे. २०० ग्रॅम उकडलेली कणगी खाल्ली तर त्या जेवणात भात नको. ऋषिपंचमीची भाजी या बाबतीत सोयीची: तेलाशिवाय शिजते, पानं-वेलभाज्या भरपूर असतात. त्यातले कंद आणि वरून घातलेलं खोबरं मोजलं की झालं.

९. आकडा बरोबर, वजन मात्र तेवढंच: कुठे बघायचं

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी घ्या आणि आठवड्याच्या सरासरीकडे बघा. खारं सुकट किंवा लोणचं जास्त झालं की दुसऱ्या दिवशी पाणी साठून किलोभर वाढ दिसू शकते. ती चरबी नसते.

तीन आठवडे सरासरी हलली नाही तर या क्रमाने तपासा:

1. फोडणीचं तेल खरंच मोजताय की "नेहमीएवढंच" असं लिहिताय?
2. खोबरं चिरण्या-खवण्याच्या वेळी तोंडात किती जातं? २० ग्रॅमचा एक तुकडा म्हणजे ७० कॅलरी, आणि तो वहीत कधीच येत नाही.
3. चहातली साखर. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे दीडशेच्या आसपास.
4. शेंगदाणे, काजूगर, वेफर हातात घेऊन चाललेलं खाणं.
5. दुसऱ्याच्या घरचं, खानावळीतलं जेवण. तिथे तोलता येत नाही, म्हणून रस्सा असलेल्या भाजीच्या वाटीला २०० धरा आणि वरचा तेलाचा तवंग चमच्याने बाजूला करा.

हे पाचही ठीक असतील तर रोजच्या आकड्यातून आणखी शंभर-दीडशे कमी करा, आणि ते पुन्हा खोबऱ्या-तेलातूनच. पेरू किंवा पपई तोडून काही हाती लागत नाही: पपईची १५० ग्रॅमची वाटी साठ-पासष्ट कॅलरी, तेवढ्याच दीड लहान चमचा तेलात जातात.